चौथा जोड

१

मुद्देमालात चपलांचे तीन जोड होते आणि फोटोत चार. त्या एका जादा जोडापायी सत्यम बायकोच्या खुनातून निर्दोष सुटला होता.

कौमुदीने हे सांगितलं तेव्हा शरच्चंद्र काउंटरवर कुणाच्या तरी बारशाचे फोटो कापत बसले होते. लोणावळ्याच्या बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ चाळीस वर्षांचा. माणूस कमालीचा नीटनेटका, इतका की समोरच्याला वैताग यावा. लग्नाच्या ग्रुप फोटोत नवऱ्याच्या मामाचा खिसा फुगलेला दिसला तरी हे स्टुलावरून खाली उतरणार, मामाच्या खिशातला रुमाल काढून त्याच्याच हातात देणार, आणि मग फोटो. पोलिसांना असला माणूस बरा पडतो. मावळात कुठे काही विपरीत घडलं की निरोप यायचा, काका, कॅमेरा घेऊन या. शरच्चंद्र जायचे, फोटो काढायचे, कोर्टात साक्ष द्यायचे आणि ते सगळं डोक्यातून काढून टाकायचे. निदान त्यांचा तसा समज होता.

कौमुदी वकील होती. तिच्या दहावीच्या हॉलतिकिटाचा फोटो त्यांनीच काढलेला, त्यामुळे काळा कोट चढला तरी ते तिला अगं-तुगंच करायचे. तिने अपिलाच्या कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, भाजे गावची राजेश्वरी आठवते का.

न आठवायला काय झालं. आठ वर्षांपूर्वीचा नोव्हेंबरातला मंगळवार, भातझोडणीचे दिवस. सासू लीलाबाई खळ्यावर गेलेली. अकराच्या सुमारास नवरा सत्यम बोंबलत घराबाहेर आला की बायको स्वयंपाकघरात पडलीय. तिचा गळा आवळलेला होता. सत्यम म्हणाला, मी मळवलीला गेलो होतो, आत्ता येतोय. समोरच्या घरातली धोंडाबाई म्हणाली, साफ खोटं. दहाला तो आत गेला, भांडण झालं, मग सगळं गप झालं, आणि तासाभराने तोच ओरडत बाहेर आला. मधल्या वेळात त्या दारातून दुसरं कुणी आत गेलं नाही की बाहेर आलं नाही. मागच्या दाराला आतून कडी होती. सत्यमच्या मनगटावर ओरखडे होते. खटला सरळ रेषेत चालला होता.

"मग त्यांच्या वकिलाने तुमचा सात नंबरचा फोटो उचलला," कौमुदी म्हणाली.

सातवा फोटो घराच्या आतून पुढच्या दाराकडे तोंड करून काढलेला. दाराबाहेरच्या पायरीवर चपला दिसतात. राजेश्वरीच्या स्लिपर, लीलाबाईंच्या जुन्या वहाणा, शेतावर घालायचे प्लास्टिकचे बूट, आणि चौथा जोड कातडी, पुरुषाचा, मोठ्या मापाचा. सत्यमचा पाय लहान, आणि त्याच्या सँडल तर त्याच्या पायातच होत्या. पोलिसांनी पंचनाम्यात तीनच जोड लिहिले, तीनच जप्त केले. चौथा कुणाचा आणि गेला कुठे, हे फौजदारांना साक्षीत सांगता आलं नाही. जजसाहेबांनी लिहिलं की घरात कुणी परका पुरुष आला असावा, धोंडाबाईला तो दिसला नाही, म्हणजे तिच्या नजरेवर विसंबता येत नाही. संशयाचा फायदा सत्यमला.

राजेश्वरीचे वडील भिमाजी अपिलात गेले होते. मुंबईला हायकोर्टात नऊ दिवसांनी सुनावणी होती.

"सुटलेल्या माणसाला परत दोषी ठरवायचं म्हणजे वरच्या कोर्टाला नुसता संशय पुरत नाही, काका. तो जोड कुणाचा ते सांगता आलं नाही तर अपील गेलंच म्हणून समजा." तिने गठ्ठ्यातली झेरॉक्स दाखवली. त्यात चपला म्हणजे नुसते काळे डाग. "मला मूळ फोटो हवाय, मोठा करून. आणि दारात तुम्ही स्वतः होता. काही आठवतंय?"

शरच्चंद्र नाही म्हणाले. ते खरंच होतं. पण त्यांनी घाईने परत कात्री उचलली ती वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण त्यांनी कौमुदीला सांगितलं नाही.

२

कारण असं की निकालाच्या आठवड्यात शरच्चंद्रांनी चहाच्या टपरीवर तोंड सोडलं होतं.

पेपरात बातमी आली होती. चार टाळकी चहा पीत बसलेली. एकाने विचारलं, काका, फोटो तुमचा, मग चप्पल कुणाची. आता गप्प बसावं की नाही माणसाने? पण चारचौघांत आपल्याला माहीत नाही असं म्हणायला शरच्चंद्रांची जीभ वळली नाही. म्हणाले, माऊलीची असणार, दुसऱ्या कुणाची असणार. माऊली हा सत्यमचा चुलतभाऊ, उंचापुरा, लोहगडावर पाहुण्यांना फिरवणारा, राजेश्वरीशी हसून बोलणारा. बस्स, एवढ्याच पुराव्यावर. फोटो काढणाराच म्हणतो म्हटल्यावर त्या बोलण्याला कागदाचं वजन आलं, आणि आठ दिवसांत ते भाज्यात पोचलं.

सहा वर्षं ते बोलणं त्यांना अधूनमधून टोचायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी मूळ फोटो शोधायचा सोडून ते आधी स्कूटरवरून देहूरोडला गेले. माऊली आता तिथे टेम्पो चालवायचा.

माऊलीने ओळखलं नाही. शरच्चंद्रांनीही आपण वकिलाकडून आलोय एवढंच सांगितलं. माऊली टेम्पोला टेकून उभा राहिला आणि कंटाळलेल्या माणसासारखं पाठ बोलला. त्या दिवशी तो सकाळपासून गडावर होता, तळेगावच्या कुठल्याशा शाळेची सहल घेऊन, तीन मास्तर साक्षीला होते. पोलिसांनी ते तपासून त्याला सोडलंही होतं. आणि कातडी चप्पल त्याने जन्मात घातली नव्हती, गडावर तिने पाय घसरतो.

"मग गाव का म्हणतं?" शरच्चंद्रांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"ज्यानं फोटू काढला त्योच म्हनला म्हनं. त्येला तर दिसलं आसंल ना." माऊलीने दाराचा हँडल पुसला. "माजं जमल्यालं लगीन मोडलं त्येच्यात. आये म्हनली, ऱ्हा आता तिकडंच. ऱ्हायलो. तुमाला कुटं भेटला त्यो फोटूवाला तर इचारा, माजं काय वाकडं केलतं त्येचं."

शरच्चंद्र बरं म्हणाले. स्कूटर सुरू व्हायला तीन किका लागल्या, आणि माऊली मागून बघतोय असं त्यांना पार हायवेपर्यंत वाटत राहिलं. त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली. ती दाबायला त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली, चपलांचा खरा मालक शोधायचा. तो सापडला की माऊलीच्या माथ्यावरचं आपोआप पुसलं जाईल, आणि आपल्या माथ्यावरचंही.

३

भाज्यात धोंडाबाई ओसरीवर वाल निवडत होती. समोर पंधरा पावलांवर ते दार. मधे ना झाड ना भिंत.

तिने मात्र शरच्चंद्रांना लगेच ओळखलं. कॅमेरेवालं ना तुमी, म्हणाली. साठी उलटून गेलेली, पण रस्त्यावरून जाणाऱ्या बाईच्या पदराचा रंग तिने न विचारता सांगितला आणि वर म्हणाली, बगा, कोर्टानं आंधळी ठरवल्याली बाई हाय मी. सहा वर्षं गावातल्या बाया तिची थट्टा करत आल्या होत्या. पाण्याला गेली तर म्हणायच्या, मावशे, जपून, म्होरं बाप्या हाय, तुला दिसायचा न्हाई.

"माजे डोळे फुटले न्हवते," ती म्हणाली. "सत्यम गेला, सत्यमच आला. तिसरं मानूस मी बगितलं न्हाई, कारन तिसरं मानूस न्हवतंच."

पण मग पायरीवर चपला होत्या त्याचं काय, असं शरच्चंद्रांनी विचारलं. त्यावर ती इतकंच म्हणाली, की फोटूत काय हाय ते फोटूवाल्यानं सांगावं, मी दाराचं सांगते.

एवढ्यात समोरून लीलाबाई आल्या. गावात एक कुजबूज अशीही होती की घराण्याची अब्रू झाकायला म्हातारीनेच तो जोड उचलून ओढ्यात टाकला. शरच्चंद्रांनी आडवळणाने तो विषय काढला. लीलाबाई भडकल्या नाहीत. थकल्या आवाजात म्हणाल्या की त्या खळ्यावरून धावत आल्या तेव्हा दारात पोलीस उभा होता. त्याने त्यांना त्यांच्याच घराची पायरी चढू दिली नाही, चपला उचलायच्या तर लांबच. सून गेली, मुलगा घरात असून नसल्यासारखा, आता तुम्ही कशाला उकरताय. सत्यम आतच असावा. खिडकीचा पडदा जरासा हलला आणि परत पडला.

शरच्चंद्र मळवलीच्या रेल्वे फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबले आणि त्यांनी गणित मांडलं. फोटो काढला तेव्हा चौथा जोड पायरीवर होता. पंचनामा झाला तेव्हा नव्हता. मधल्या वेळात दारात एकच माणूस उभा होता, तो शिपाई. म्हणजे त्याने कुणाला तरी तो जोड नेऊ दिला, नाहीतर स्वतःच लपवला. त्या शिपायाचं नाव अतुल. त्याला कोर्टात साक्षीला कुणी बोलावलंच नव्हतं.

सापडला, शरच्चंद्रांना वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना जरा हलकं वाटलं.

४

अतुल आता हवालदार झाला होता, सोमाटण्याच्या चौकात बंदोबस्ताला. उसाच्या रसाच्या गाड्यामागच्या सावलीत त्याने त्यांना बसवलं. शरच्चंद्रांनी आडपडदा न ठेवता विचारलं, त्या दिवशी चपला तू कुणाला दिल्यास.

अतुल हसला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू गेलं.

त्याने दिवस क्रमाने सांगितला. साडेअकराला तो पोचला, सगळ्यात आधी. सत्यमला जीपमध्ये बसवलं आणि स्वतः दारात उभा राहिला. फौजदार वडगावला होते, त्यांना यायला वेळ लागणार होता. त्यांनी फोनवर सांगितलं, फोटोग्राफर बोलवून घे, फोटो होऊ देत, तोवर आत कुणी जाता कामा नये. साडेबाराला फौजदार पंचांना घेऊन आले. ते सगळे बूट घालूनच आत गेले, पायरीवर काही काढलं नाही, आणि मग पंचनामा झाला.

"फौजदार येण्याआधी आत कोण गेलं?"

"कुणी नाही."

"नीट आठव. नातेवाईक, सरपंच, डॉक्टर?"

"काका, मी दारातून हललो नाही. नोकरीतला माझा पहिलाच खून होता तो, पण हललो नाही. तुम्ही सोडून आत कुणी गेलं नाही."

म्हणजे मी यायच्या आधीच चपला होत्या, शरच्चंद्र म्हणाले. अतुलने खांदे उडवले. पायरीवर किती जोड होते ते त्याने मोजले नव्हते, पण कळणं काही अवघड नव्हतं. "तुम्ही आल्या आल्या अंगणातून एक फोटो काढला होतात ना? मला म्हणालात, जरा बाजूला हो, पायरी दिसू दे. त्यात दिसेल की."

शरच्चंद्रांनी रसाचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

कोर्टात बचावाच्या वकिलाने विचारलं होतं, एकूण किती फोटो काढले. शरच्चंद्रांनी शपथेवर सांगितलं होतं, बारा. प्रमाणपत्रावर सहीही केली होती, की काढलेले सर्व फोटो हेच. आणि अंगणातून काढलेला फोटो त्या बारांत नव्हता.

५

त्या दिवशी त्यांनी चौदा फोटो काढले होते. दोन बिघडले. लग्नाच्या अल्बममध्ये शरच्चंद्र डोळे मिटलेली नवरी कधी देत नसत, त्याच सवयीने त्यांनी ते दोन बाजूला ठेवले आणि चांगले बारा फौजदारांना दिले. कोर्टात चौदा म्हणायचं तर ते दोन का दिले नाहीत हे सांगावं लागलं असतं, म्हणजे शरच्चंद्रांचा फोटो बिघडतो हे भर कोर्टात बोलून दाखवायचं. बारा हा आकडा सुटसुटीत होता.

पण फेकून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी जुनी हार्ड डिस्क लावली. वर्ष, महिना, तारीख, सगळं ओळीने.

पहिला फोटो उघडला. तिरपा, उन्हाने पांढरा पडलेला. शरच्चंद्रांना अजूनही तो बघून लाज वाटली. पण डाव्या कोपऱ्यात बाजूला सरकलेला अतुल होता, त्याचे पोलिसी बूट होते, आणि मधे पायरी स्पष्ट होती. स्लिपर, वहाणा, प्लास्टिकचे बूट. तीन जोड. वेळ अकरा बावन्न.

मग सातव्या नंबरचा उघडला. चार जोड. वेळ बारा वाजून चार मिनिटं.

त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि कागदावर लिहायला घेतलं, कारण डोकं जागेवर राहत नव्हतं. अकरा बावन्नला चौथा जोड नाही. त्याआधी तासभर राजेश्वरी मेलेली. म्हणजे ज्याचा तो जोड, तो माणूस खुनाच्या वेळी तिथे नव्हताच. तो नंतर आला, अतुल दारात असताना. आला, पायरीवर चपला काढल्या, आत गेला. साडेबाराच्या आत बाहेर आला, चपला घातल्या, निघून गेला. म्हणून पंचनाम्यात तीन. अतुल म्हणतो आत कुणी गेलं नाही. पोलिसांच्या पायांत बूट, ते कुणी काढलेच नाहीत.

बारा वाजून चार मिनिटांनी त्या घरात जिवंत माणूस एकच होता, आणि तो कॅमेऱ्याच्या मागे होता.

शरच्चंद्रांनी फोटो मोठा केला. खरं तर गरज नव्हती. कातडी जोड, उजव्या पट्ट्याला पांढऱ्या दोऱ्याचा टाका. त्या दिवशी दुपारी त्यांना कामशेतला लग्न होतं, म्हणून ठेवणीतल्या चपला घातल्या होत्या. बारा वीसला ते घाईघाईने निघाले होते, फौजदारांची वाटही न बघता. सगळं एकदम आठवलं. अतुल म्हणाला होता, काका, राहू द्या की पायात. आणि ते म्हणाले होते, अरे, स्वयंपाकघर आहे. आत एक बाई मरून पडली होती, तरी ओट्यावर अन्न होतं, कोनाड्यात देव होते, आणि तिथे चपला घालून जाणं त्यांच्याच्याने झालं नसतं. घरात शिरताना चपला काढल्या, हे कुणी लक्षात ठेवतं का?

तर हा तो परका पुरुष. ह्याच्यामुळे धोंडाबाई आंधळी ठरली. ह्याच्यामुळे माऊली गाव सोडून गेला, आणि वर ह्यानेच त्याचं नाव घेतलं. ह्याच्यामुळे एका मेलेल्या बाईच्या चारित्र्याबद्दल सहा वर्षं गावभर बोललं गेलं. आणि तिचा नवरा पडद्याआडून बघत बसलाय.

मग मनाने आपला वकील उभा केला. तपास फौजदारांचा, आपण फोटो काढणारे. निकाल जजचा. आपल्याला कुणी सातवा फोटो दाखवून विचारलं का, ह्या चपला कुणाच्या? नाही विचारलं. आणि आता पहिला फोटो दिला तर पहिला प्रश्न हाच येणार, बारा म्हणून शपथ का घेतली. खोट्या साक्षीचा खटला होईल, नाही झाला तरी पेपरात नाव येईल. चाळीस वर्षांचं नाव. ह्या खोलीत एक फाइल आहे, ती पुसली की जगात दुसरी नाही. कौमुदीला सातवा मोठा करून द्यायचा, त्या चपलांवरून कुणाला काही कळणार नाही. त्यांनी पहिल्या फोटोवर बाण नेला, बटन दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, कायमचं पुसायचं का.

त्यांनी बाण ‘हो’वर नेला, मग ‘नाही’वर, मग परत ‘हो’वर. फोन वाजला. कौमुदी विचारत होती, काका, फोटो मिळाला का.

"मिळाला," ते म्हणाले. "दोन आहेत. आणि तो जोड माझा आहे."

६

कौमुदीने भराभर सगळं विचारून घेतलं आणि ती वकील झाली. चपला खुनानंतरच्या म्हटल्यावर परका पुरुष संपला, धोंडाबाईची साक्ष पुन्हा उभी राहिली, आणि त्या तासात त्या दारातून सत्यमशिवाय कुणी गेलं नाही हे कायम झालं. मागच्या दाराला कडी होती. अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत, पण ती अर्ज करणार होती. कोर्टाने घेतला तर सत्यम वाचत नाही, म्हणाली. तुमचं काय होईल ते मात्र मला सांगता येत नाही, काका.

शरच्चंद्र म्हणाले, प्रतिज्ञापत्र तयार कर, पण सही मी भिमाजींच्या घरी करीन. का ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

भिमाजींचं घर सोमाटण्याच्या पुढे, रस्ता सोडून आत. भिमाजी पडवीत विळ्यांना धार लावत बसले होते, कापणी तोंडावर होती. शरच्चंद्र खाली सतरंजीवर बसले आणि त्यांनी पाणीही न घेता सगळं सांगितलं. चपला, बारा आणि चौदा, टपरीवरचं बोलणं, पुसायला नेलेला बाण, काही राखून ठेवलं नाही. भिमाजींचा हात दगडावर तसाच थांबला.

"म्हंजे घरात कुनीच आलं न्हवतं?"

"नाही. कुणीच नाही. मी सोडून."

भिमाजींनी विळा बाजूला ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. ते शरच्चंद्रांशी बोलत होते की स्वतःशी, ते कळत नव्हतं.

"समद्यास्नी वाटतं, मी जावयाच्या मागं लागलोय. मला काय ठावं, त्यानं मारलं का त्या चपलावाल्यानं? मी अपील केलं ते त्यो मानूस गावावा म्हनून. मला त्येला समोर बशीवून इचारायचं व्हतं, माजी पोरगी तशी व्हती का."

तो माणूस समोर बसला होता.

"तिची आय दोन वर्सांमागं गेली. जाताना म्हनली, आवो, आपली राजी तशी न्हवती ना वो? दुसरं काय मागत न्हवती. न्हाई म्हनायला काय लागतं? पन मी न्हाई म्हनलो न्हाई. मी म्हनलो, कोर्टानं लिवलंय." भिमाजींनी तोंडावरून पालथा हात फिरवला. "बाप हाय मी तिचा. आन् मी म्हनलो, कोर्टानं लिवलंय."

"चूक माझी आहे, भाऊ," शरच्चंद्र म्हणाले. "तुमची नाही."

"तुमची हाय ती तुमी कोर्टात फेडाल. माजी कुटं फेडू?"

भिमाजींनी विळा परत दगडावर धरला. पाचच्या सुमाराला कौमुदी आली. प्रतिज्ञापत्र चार पानी, मराठीतच होतं. तिने सही कुठे करायची ते दाखवलं. शरच्चंद्रांनी पेन उघडलं, तर भिमाजींनी त्यांचा हात धरला.

"आदी वाचा."

कौमुदी म्हणाली, मी तुम्हाला वाचून दाखवते. भिमाजींनी मान हलवली. "तू न्हाई, पोरी. ह्यास्नी वाचू दे. आन् मोठ्यानं वाचा, आत ऐकू गेलं पायजे."

आत कुणी नव्हतं. उघड्या दारातून समोरची भिंत दिसत होती आणि तिच्यावर हार घातलेले दोन फोटो. शरच्चंद्र उठून दाराकडे तोंड करून उभे राहिले. पहिली दोन वाक्यं त्यांनी पुटपुटतच वाचली. भिमाजी म्हणाले, आजून मोठ्यानं. मग ते मोठ्याने वाचू लागले, की मी शपथेवर सांगतो, मयत राजेश्वरी हिच्या घरी त्या दिवशी कोणीही परका पुरुष आलेला नव्हता.